दरड कोसळली, पूर आला, तर आजीला कोण उचलणार?

पावसाने जोर धरला की कर्जत-खालापूर भागातील माणसाला १९ जुलै २०२३ ची रात्र आठवते. इरशाळगडाच्या कुशीतील इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ताच राहिले. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतीला गेलेली माणसे चिखलाच्या पायवाटेने वर चढली. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचे नावच नव्हते, हे नंतर सरकारनेच सांगितले.

यादीत नाव नसणे म्हणजे काय, हे अपंग माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे आठवे कलम याच विषयाचे आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवावी व धोक्याची सूचना त्यांना द्यावी, असे ते सांगते. कलम चांगलेच आहे. पण आम्ही कारकून मंडळी जाणतो, अलिबागच्या कचेरीतील नोंद कितीही चोख असली तरी मध्यरात्री कडावच्या एखाद्या घरातील आजीला ती उचलून नेत नाही. उचलतो तो शेजारी.

म्हणून गावाची स्वतःची यादी हवी. कोणत्या घरात कोण आहे, आणि त्याला नेणार कोण? प्रत्येकामागे दोन नावे लिहावीत. एक जण रात्रपाळीला गेलेला किंवा लोकलमध्ये अडकलेला असला, तर दुसरा घरी असेल. आशाताई आणि महिला मंडळ यांना घरे तोंडपाठ असतात. त्यांनी मनावर घेतले तर दोन दुपारचे काम आहे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी असते. विजेरी, शिट्टी, स्ट्रेचर यांची मागणी ग्रामसभेत जरूर करावी.

भोंगा बहिऱ्याला ऐकू येत नाही. त्याला हलवूनच उठवावे लागते. अंध माणसाचा हात धरून त्याला ओढू नये. आपले कोपर त्याच्या हाती द्यावे, अर्धे पाऊल पुढे चालावे, खड्डा-पायरी तोंडाने सांगावी. रोजची वाट त्याला पाठ असते, पण बांधावरून पाणी गेले की ती वाटच राहत नाही. मतिमंद मुलाला आणायला अनोळखी जवान पाठवण्यापेक्षा ओळखीची मावशी पाठवावी.

डोली करणे आपल्या वाड्यांना नवे नाही. बांबू आणि चादर, की झाले. मात्र उन्हाळ्यातच एकदा ती उचलून पाहा; वळणावर बांबू कोठे अडतो ते कळेल. कोठे धरले तर दुखते, हे त्या माणसालाच विचारा. पाठीच्या कण्याला इजा असेल तर चादर नको, सरळ फळी हवी.

आठवड्याच्या गोळ्या, डॉक्टरांचा कागद, दिव्यांग प्रमाणपत्र आणि कानातल्या यंत्राचे सेल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावेत. कुबडी उशाशी असावी. वीज गेली तर इन्शुलिन ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या कोऱ्या मडक्यात, बाटलीला पाणी लागू न देता ठेवता येते.

आणखी एक गोष्ट, जिच्याविषयी कोणी बोलत नाही. निवारा म्हणून शाळा ठरते, पण तेथील संडासात चाकाची खुर्ची जात नाही. बाईमाणूस त्या एका भीतीने घर सोडायलाच नकार देते. ग्रामपंचायतीने मे महिन्यातच खुर्ची घेऊन तिथवर जाऊन पाहावे. उंबरठा चार बोटे उंच असला तर एक उतरती फळी करून तेथेच ठेवावी.