जमिनीखालच्या उबेचा मिलिमीटरचा हिशेब

ब्रिटनमध्ये जुनं घर घेऊन मागच्या बाजूला स्वयंपाकघर वाढवायचं ठरलं, की जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या टाकण्याचा विषय निघतोच. नळ्या कोणत्या, बॉयलर कोणता, यावर भरपूर चर्चा होते. जमिनीची उंची मात्र गृहीत धरली जाते आणि काम तिथेच फसतं.

हिशेब वरून खाली

आधी तयार फरशीची पातळी ठरवा. बैठकीची खोली आणि नवं स्वयंपाकघर एका पातळीत हवं असेल, तर बैठकीची जमीन म्हणजे शून्य. तिथून खाली मोजत जायचं : टाइल १० मिमी, टाइल ॲडेसिव्ह ५, वाळू-सिमेंटचा कोबा (स्क्रीड) ७५, त्याखाली उष्णता अडवणारा फोम १००. एकूण १९० मिमी. १६ मिमीच्या नळ्या कोब्यातच बुडालेल्या असतात, त्या वेगळ्या धरायच्या नाहीत.

भिंतीवरची रेघ

चांगला गवंडी तयार फरशीच्या बरोबर एक मीटर वर, लेझर लावून, चारही भिंतींवर रेघ मारतो. आपल्या उदाहरणात त्या रेघेपासून काँक्रीट स्लॅबपर्यंत सगळीकडे ११९० मिमी भरायला हवेत. चार कोपरे आणि मधली दोन-तीन ठिकाणं मोजा. कुठे ११७० भरले, तर स्लॅब तिथे २० मिमी वर आलाय.

हे २० मिमी कुठून काढायचे?

ठेकेदार बहुतेक वेळा सुचवतो, फोम ८० मिमीचा घालू. याला ठाम नकार द्या. फोम आहे म्हणून उष्णता वर येते. तो पातळ केला की जमिनीत जाणाऱ्या उष्णतेचं बिल घर असेपर्यंत भरावं लागतं. शिवाय इंग्लंडच्या इमारत नियमांत वाढीव भागाच्या जमिनीचं यू-मूल्य (उष्णता किती निसटते याचं माप) ०.१८ पेक्षा जास्त चालत नाही.

काटकसर कोब्यात करता येते. कॅल्शियम सल्फेटचा पातळ ओतायचा कोबा ५० मिमीत भागतो, म्हणजे २५ मिमी सुटतात. मात्र त्याला सततची ओल सोसत नाही, आणि टाइल लावण्याआधी वरची साय घासून प्रायमर मारावा लागतो.

खोदता येत नसेल तर

जुन्या खोलीसाठी खाचा पाडलेले १५ ते २० मिमीचे बोर्ड मिळतात, त्यांत बारीक नळ्या बसतात. विजेची जाळी तर ३-४ मिमीचीच असते. तिच्याखाली ६ ते १० मिमीचा इन्सुलेशन बोर्ड मात्र हवाच.

इथे जिन्याकडे लक्ष द्या. सगळ्या पायऱ्या २०० मिमीच्या आणि जमीन ४० मिमी वर आली, तर पहिली पायरी १६० ची उरते. चालणाऱ्याचा पाय तिथे हमखास अडखळतो, आणि नियमालाही एका जिन्यात सारख्याच उंचीच्या पायऱ्या लागतात. दारं खालून तासता येतात, पण आगरोधक दार किती तासायचं याला मर्यादा असते.

वाळायला वेळ

वाळू-सिमेंटचा कोबा दिवसाला साधारण १ मिमी वाळतो, ५० मिमीनंतर त्याहून सावकाश. ७५ मिमीला अडीच महिन्यांहून जास्त धरा. पहिले २१ दिवस गरम पाणी सोडू नका. लाकडी फरशी टाकायची असेल, तर ओलाव्याची चाचणी झाल्याशिवाय बसवणाऱ्याला तारीख देऊ नका.