मदफूना : मोरोक्कोची भरली रोटी

मोरोक्कोच्या आग्नेय भागांत, सहारेच्या कडेला, ताफिलालत हा खजुरीच्या बनांचा प्रदेश आहे. तेथील रिसानी गांवची मदफूना प्रसिद्ध. या अरबी शब्दाचा अर्थ 'पुरलेली'. तापलेल्या वाळूंत ही रोटी पुरून भाजीत, म्हणून हें नांव.

घरीं वाळू कोठून आणावी? जाड बुडाचा तवा पुरे. मात्र तव्यावर पापुद्रा करपतो आणि आंतलें मांस कच्चें राहतें, हाच खरा धोका. यासाठीं खिमा, कांदा, जिरें व कोथिंबीर यांचें सारण आधीं कोरडें परतून पूर्ण निववावें. ऊन सारणानें कणीक फाटते. खमीर घातलेली कणीक तासभर झांकून ठेवावी. दोन पोळ्यांमध्यें सारण भरून कडा घट्ट मुडपाव्या व मंद आंचेवर झांकण ठेवून रोटी भाजावी. उलटतांना तीवर ताटली धरावी, नाहींतर सारें सारण चुलींत!