परराज्यातून म्हैस येते तेव्हा

हरियाणातील रोहतक, जींद आणि हिसार हा मुऱ्हा म्हशींचा मूळ पट्टा. तिथून निघालेली म्हैस राजस्थान आणि गुजरात ओलांडून, चौदाशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून मुंबई परिसरातील तबेल्यांत पोहोचते. कास, सड, दात आणि वेत पाहण्यात हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आणि गिऱ्हाईक दोघेही तरबेज असतात. कायद्याला मात्र वरून न दिसणाऱ्या गोष्टींची काळजी असते. जनावरात लाळ्या खुरकुताचा विषाणू मुरतो आहे का, त्याला क्षय आहे का, सांसर्गिक गर्भपाताचे जंतू त्याच्या अंगात आहेत का, हे सौद्याच्या वेळी दोघांपैकी कोणालाच सांगता येत नाही.

या वाहतुकीला मुख्यतः दोन कायदे लागू होतात. पहिला म्हणजे प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधाचा आणि नियंत्रणाचा २००९ चा केंद्रीय कायदा. तो रोगापुरता बोलतो. दुसरा म्हणजे प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखालील १९७८ चे प्राणी वाहतूक नियम. हे नियम जनावराचे हाल होऊ नयेत म्हणून केलेले असले, तरी आरोग्याचा दाखला त्यांनीच सक्तीचा केला आहे. जनावर प्रवासाला योग्य आहे, त्याला संसर्गजन्य रोग नाही आणि त्याचे लसीकरण झाले आहे, असे पशुवैद्यकाने लिहून दिल्याशिवाय वाहतूकदाराने माल स्वीकारायचा नसतो. नियमांच्या मूळ मजकुरात ज्या लसीचे नाव घेऊन उल्लेख आहे ती बुळकांडीची. २०११ मध्ये बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. नियमांची भाषा रोगांच्या मागे किती रेंगाळते, याचा हा एक नमुना.

दाखल्याच्या आधी ओळख पटवावी लागते. जनावराच्या कानातला पिवळा बिल्ला आणि त्यावरचा बारा अंकी क्रमांक हीच आता ती ओळख. जनावराचे वय, जात, मालक आणि लसीकरण हे सारे या क्रमांकावर ‘भारत पशुधन’ प्रणालीत नोंदले जाते. महाराष्ट्राने १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला आणि वाहतुकीला मनाई केली. त्याआधी दाखल्यावर शिंगांचा आकार, कपाळावरचा ठिपका, शेपटीचा गोंडा असली वर्णने असत. मुऱ्ह्याच्या बाबतीत त्यांचा उपयोग शून्य, कारण काळा रंग आणि वळलेली शिंगे कळपातल्या सगळ्याच म्हशींना असतात. वाटेत एकीच्या जागी दुसरी घालणे त्यामुळे अवघड नव्हते.

लसीकरणाच्या नोंदीत नावापेक्षा तारीख महत्त्वाची. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी दिली जाते. गाडी भरण्याच्या आदल्या दिवशी टोचलेली लस कागदावर चालून जाईल, पण जनावराला तिचा उपयोग नाही, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. लम्पी चर्मरोगाच्या साथीत महाराष्ट्राने गोवर्गीय जनावरांच्या वाहतुकीला पुन्हा परवानगी देताना लस टोचून २८ दिवस झालेले असावेत, अशी अट घातली, ती याच कारणाने.

प्रत्यक्ष तपासणीला फार वेळ लागत नाही. पशुवैद्यक गुदद्वारात तापमापी ठेवून ताप पाहतो. तोंड उघडून जीभ, हिरड्या आणि टाळूवर फोड किंवा सोललेली जागा आहे का, हे बघतो. मग खुरांच्या बेचक्या, सड, नाकातला स्राव आणि कातडीवरच्या गाठी पाहिल्या जातात. म्हैस चार पावले चालवली की लंगडेपणा कळतो. मात्र लाळ्या खुरकुताची लक्षणे संसर्गानंतर दोन ते चौदा दिवसांनी दिसतात. बाजारात सकाळी संसर्ग झालेली म्हैस दुपारी तपासली, तर ती निरोगीच ठरते, आणि त्यात पशुवैद्यकाची काही चूक नसते. दाखला त्या दिवसापुरताच बोलतो.

क्षय आणि सांसर्गिक गर्भपात तर नुसत्या डोळ्यांनी कळतच नाहीत. क्षयासाठी मानेच्या मध्यभागी केस भादरून कातडीची घडी कॅलिपरने मोजतात आणि ०.१ मिलिलिटर ट्युबरक्युलिन कातडीच्या आतच टोचतात. सुई बरोबर बसली की जागेवर वाटाण्याएवढा फुगवटा हाताला लागतो. तो लागला नाही, तर औषध कातडीखाली गेले असे समजून टोचणी पुन्हा करावी लागते. ७२ तासांनी तीच घडी पुन्हा मोजायची. जाडी चार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वाढली असेल तर जनावर बाधित धरले जाते, आणि दोन ते चार मिलिमीटर वाढ संशयास्पद मानतात.

सांसर्गिक गर्भपाताची रोज बेंगॉल चाचणी याहून झटपट होते. पांढऱ्या फरशीवर सीरमचा एक थेंब आणि गुलाबी अँटिजेनचा तेवढाच थेंब काडीने मिसळून फरशी हलकेच हेलकावत राहायची. चार मिनिटांत मिश्रणात दाणे धरले, तर चाचणी होकारार्थी. वासरूपणी या रोगाची लस मिळालेल्या मादीतही कधी कधी दाणे दिसतात, म्हणून जुनी नोंद हाताशी लागते. हा रोग माणसालाही होतो. धार काढणारा आणि विणीच्या वेळी वार ओढणारा गडी त्याला सर्वांत आधी बळी पडतो.

खासगी व्यवहारात या चाचण्या क्वचितच होतात. क्षयासाठी म्हैस विकणाऱ्याच्या दावणीला आणखी तीन दिवस ठेवावी लागते. तिथे चारा, मुक्काम आणि गाडीचे भाडे चढत जाते, आणि तेवढ्यात दुसरे गिऱ्हाईक येऊन उभे राहते. वीर्य केंद्रांना मात्र चाचण्या टाळण्याचा रस्ता नाही. नवीन वळू किमान ६० दिवस वेगळा ठेवून आणि क्षय, जॉन रोग, सांसर्गिक गर्भपात यांच्या चाचण्यांतून पार पडल्यावरच कळपात घेतला जातो, कारण एक बाधित वळू हजारो गायींपर्यंत पोहोचतो.

गाडीचे नियम आरोग्याशी बांधलेले आहेत. १९७८ च्या नियमांनुसार मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गुरे भरता येत नाहीत. तळाला घसरण रोखणारी काथ्याची चटई किंवा फळ्या हव्यात, सोबत एक माणूस हवा आणि गाडीत दुसरा माल नको. पुढे मोटार वाहन नियमांनी गायी-म्हशींसाठी प्रत्येकी दोन चौरस मीटर जागा आणि कायमचे कप्पे बंधनकारक केले. दाटीत उभ्या जनावराची लाळ शेजारच्या जनावराच्या तोंडाला लागते. लांब प्रवासाच्या ताणाने घटसर्पाचे जंतू उसळतात. तीन दिवसांच्या आत व्यालेली किंवा वाटेत विण्याची शक्यता असलेली मादी गाडीत चढवू नये, असाही नियम आहे. बाजारात सर्वांत जास्त मागणी नेमकी ताज्या व्यालेल्या म्हशीलाच असते, त्यामुळे हा नियम व्यापाराला सर्वांत जास्त टोचतो.

राज्याच्या सीमेवर तपासणी नाके आणि विलगीकरण छावण्या उभारण्याचा अधिकार २००९ चा कायदा राज्य सरकारला देतो. रोग पसरला तर राज्य एखादा भाग ‘नियंत्रित क्षेत्र’ जाहीर करू शकते. मग त्या रोगाला बळी पडणाऱ्या जातीच्या जनावरांची ये-जा थांबते किंवा परवान्यावर येते. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीमुळे अख्खा महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र ठरला आणि जनावरांचे बाजार बंद पडले. मूळ कायद्यातला दंड मात्र पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त एक हजार रुपये. चांगल्या मुऱ्ह्याची किंमत लाखाच्या घरात असते, तेव्हा हा आकडा कोणाला अडवील असे वाटत नाही. कळपासह सीमा ओलांडून चाऱ्यामागे फिरणाऱ्या धनगरांना तर दर मुक्कामी दाखला घेणे शक्यच नसते. कायदा गाडीतून जाणाऱ्या जनावराला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला आहे. घोड्यांच्या बाबतीत अट वेगळी. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या बाजाराला परराज्यांतून येणाऱ्या घोड्यांसाठी ग्लँडर्स नसल्याचा रक्ततपासणीचा अहवाल महत्त्वाचा ठरतो, कारण या रोगावर लस नाही आणि तो माणसालाही जडतो.

नाका ओलांडून म्हैस उतरली तरी काम संपत नाही. नवे जनावर किमान तीन आठवडे जुन्या दावणीपासून दूर बांधावे लागते. त्याची गव्हाण, पाण्याची बादली आणि शेणाची पाटी वेगळी हवी, आणि धार सर्वांत शेवटी काढायची. या काळात रोज ताप पाहिला, गोचीड काढले आणि जंतनाशक दिले, की वाटेत लागलेले बहुतेक रोग इथेच उघडे पडतात. जागेची चणचण असलेल्या तबेल्यात नेमकी हीच पायरी गाळली जाते. सांसर्गिक गर्भपाताला मात्र तीन आठवडे पुरत नाहीत. बाधित आईच्या पोटी जन्मलेली कालवड किंवा पारडी पहिल्या वेतापर्यंत चाचणीत निर्दोष दिसू शकते. म्हणून गाभण जनावर विकत घेतल्यास ते व्याल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी त्याचे रक्त पुन्हा तपासतात. तोवर त्याची वार खोल खड्ड्यात चुना घालून पुरली जाते आणि दूध उकळल्याशिवाय वापरले जात नाही.