वीस टनांचा आरसा

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फाउंड्रीचा जॉब केला होता तो आठवतोय ना? साचा, कोअर, रायझर, आणि शेवटी सरांचं "परत करा". माझ्या जॉबमध्ये कोअर सरकला होता. भोक मधोमध यायचं ते एका कडेला आलं. बॅचसमोर लाजेनं मेले होते. पण मोठ्या दुर्बिणींबद्दल वाचायला लागले आणि कळलं की १९३४ साली अमेरिकेत कॉर्निंग ग्लास वर्क्समध्येही कोअर असेच सुटले होते, आणि तेही निमंत्रित पाहुण्यांच्या देखत! तेव्हापासून मला जरा बरं वाटतंय.

दुर्बीण म्हटलं की आपल्याला भिंग आठवतं. पण भिंगाला फक्त कडेनं धरता येतं, म्हणून ते फार मोठं केलं की स्वतःच्याच वजनानं वाकतं. आरशाला मागून हवा तेवढा आधार देता येतो. शिवाय प्रकाश परावर्तित करतो तो वरचा ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर. खालची काच म्हणजे त्या थराला नेमक्या आकारात धरून ठेवणारं स्टँड! एवढंच काम, पण तेच अवघड. रात्री हवा गार होत जाते तशी काच आकसते, आणि सगळीकडे सारखी आकसत नाही. आकार किंचित बिघडला की ताऱ्याचा ठिपका पसरतो.

जॉर्ज एलरी हेल या खगोलशास्त्रज्ञांना कॅलिफोर्नियातल्या पालोमार पर्वतासाठी २०० इंची, म्हणजे सुमारे ५ मीटर व्यासाचा आरसा हवा होता. त्यांच्या आधीच्या १०० इंची आरशाची काच साधी होती आणि तापमान बदललं की ती त्रास द्यायची. म्हणून या वेळी पायरेक्स घेतलं. केमिस्ट्री लॅबमधल्या बीकरची काच ती हीच. तिचं प्रसरण साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांश. वजन वाचवायला मागची बाजू भरीव न ठेवता नुसत्या फासळ्यांची करायची ठरलं. फासळ्या हव्या म्हणजे मधे पोकळ्या हव्या, आणि पोकळ्या हव्या म्हणजे कोअर आले. साच्याच्या तळाला शंभरावर कोअर स्टीलच्या बोल्टांनी बसवले होते.

२५ मार्च १९३४ ला लॅडलनं काच ओतायला सुरुवात झाली. त्या उष्णतेत बोल्टच वितळले. एकेक कोअर सुटून काचेवर तरंगायला लागला. विटेचा कोअर काचेपेक्षा हलका, तरंगणारच! कामाचे प्रमुख जॉर्ज मॅककॉली यांनी ओतणं थांबवलं नाही. तरंगणारे तुकडे काढून चकती पुरी केली आणि पुढच्या वेळची रंगीत तालीम म्हणून वापरली. (ती आज कॉर्निंगच्या काच संग्रहालयात आहे.) २ डिसेंबरला जास्त उष्णता सोसणारे बोल्ट लावून दुसरी ओतली. या वेळी कोअर जागेवर राहिले.

मग अनीलिंग. काच भराभर गार केली तर आत ताण अडकून बसतात आणि पुढे कधीही तडकते. म्हणून वीस टनांची ती चकती भट्टीत जवळजवळ दहा महिने, रोज एक अंशापेक्षाही कमी अशी उतरवत गार केली. त्यातच जुलै १९३५ मध्ये चेमंग नदीला पूर आला आणि भट्टीची वीज बंद करावी लागली. मॅककॉलींना तेव्हा झोप लागली असेल का? आतलं काही दिसत नाही आणि भट्टी उघडून पाहायची सोय नाही. नशिबानं चकती वाचली. १९३६ मध्ये ती खास वॅगनमध्ये उभी ठेवून रेल्वेनं पॅसाडेनाला नेली. मग पृष्ठभाग खोलगट करायला सुमारे पाच टन काच घासून काढली. मधे महायुद्धानं काम अडलं आणि आरसा तयार व्हायला १९४७ उजाडलं. हेल १९३८ मध्येच गेले.

ते पाच टन माझ्या डोक्यातून जात नाहीत. आधी ओतायचे, महिनोन् महिने जपून गार करायचे आणि मग घासून फेकून द्यायचे!

यावर उपाय काढला ॲरिझोना विद्यापीठातल्या रॉजर एंजेल यांनी. १९८० च्या सुमारास त्यांनी कस्टर्डचे दोन पायरेक्स कप घरच्या अंगणातल्या भट्टीत एकमेकांना जोडून पाहिले. त्यातून मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ आरशाची कल्पना पुढे गेली. आज त्यांची लॅब टूसॉनमध्ये चक्क फुटबॉल स्टेडियमच्या प्रेक्षक-गॅलरीखाली आहे. तिथे ८.४ मीटरचे आरसे होतात, आणि गंमत म्हणजे आख्खी भट्टीच गरागरा फिरवतात.

का, ते आपल्याला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये शिकवलंय. फोर्स्ड व्हॉर्टेक्स! मेसमधला चहा चमच्यानं ढवळला की मधे खळगा पडतो ना, तसंच. सगळा द्रव एका वेगानं फिरत असेल तर तो खळगा बरोबर पॅराबोला होतो, म्हणजे आरशाला हवा तोच आकार. त्याचं नाभीय अंतर जी भागिले दोन ओमेगा स्क्वेअर. जायंट मॅगेलन टेलिस्कोपच्या आरशाला ते १८ मीटर हवं. कॅल्क्युलेटरवर करून बघा, मिनिटाला साधारण पाच फेरे येतात. तिथली भट्टी खरोखर तेवढ्याच वेगानं फिरते! सूत्र मी परीक्षेत पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं, त्यावर कोणी भट्टी बांधली असेल असं स्वप्नातही नव्हतं.

काचेचे ढेकळासारखे तुकडे हातानं साच्यावर रचतात. सुमारे ११६५ अंश सेल्सियसला ते वितळून षटकोनी कोअरच्या मधल्या फटींत उतरतात. कोअर सिरॅमिक फायबरचे आणि त्यांचे बोल्ट सिलिकॉन कार्बाइडचे, कारण तरंगण्याचा धोका अजून आहेच. तीन महिन्यांनी चकती गार झाली की पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं कोअर धुऊन काढतात. तरी सगळं सुरळीत होतंच असं नाही. १९९७ मध्ये लार्ज बायनॉक्युलर टेलिस्कोपच्या पहिल्या आरशाचा साचा गळला आणि वरून जास्तीची काच घालून परत वितळवावी लागली.

त्यानंतर पॉलिशिंग. सुमारे २५ नॅनोमीटरपर्यंत अचूकता लागते. आपल्या मेट्रॉलॉजी लॅबच्या मायक्रोमीटरचा एक भाग म्हणजे ०.०१ मिलिमीटर. त्याचे चारशे भाग करा, त्यातला एक!

दुसरा रस्ता तुकड्यांचा. हवाईतल्या केक दुर्बिणीचा १० मीटरचा आरसा ३६ षटकोनी तुकड्यांचा आहे. सेन्सर आणि कॉम्प्युटर ते सतत एका रेषेत ठेवतात. थर्टी मीटर टेलिस्कोपच्या योजनेत असे ४९२ तुकडे आहेत. त्यात २०१४ मध्ये भारत भागीदार झाला, आणि पुण्याचं आयुका हे त्यातल्या भारतीय संस्थांपैकी एक. शहाण्यांचा रस्ता हाच म्हणायचा, एक तुकडा फुटला तर दुसरा बसवता येतो. पण मला मात्र ती फिरणारी भट्टीच आवडते.

मॅगेलनला चिलीमध्ये ८.४ मीटरचे सात आरसे लागणार आहेत. सातव्याची काच २०२३ मध्ये भट्टीत गेली. पहिला २००५ मध्ये ओतला होता, तो पॉलिश होऊन पुरा व्हायला २०१२ उजाडलं. सात वर्षं! एवढ्यात आपली डिग्री केट्या धरूनही होऊन जाते.