थंड रेणूंना लेसरचा लगाम

वायूचे तापमान म्हणजे त्यातील रेणूंच्या धावपळीचे माप. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा तिथल्या हवेतला नायट्रोजनचा रेणू सेकंदाला सरासरी ४९० मीटर वेगाने धावत असतो. रेणू थंड करायचा, तर हा वेग काढून घ्यावा लागतो. लेसरच्या प्रकाशाने ते साधते.

प्रकाशाच्या कणाला, म्हणजे फोटॉनला, संवेग असतो. समोरून आलेला फोटॉन शोषला की रेणूला उलट धक्का बसतो. लगेच रेणू प्रकाश बाहेर टाकतो, पण कोणत्याही दिशेला. त्यामुळे ते धक्के एकमेकांना खोडतात आणि समोरून बसलेले तेवढे साठत जातात. धावत्या बंडीवर समोरून सरकीचे दाणे मारत राहावे, तसा हा प्रकार. कॅल्शियम मोनोफ्लोराइडच्या रेणूचा वेग ६०६ नॅनोमीटरच्या एका नारिंगी फोटॉनमुळे सेकंदाला जेमतेम १.१ सेंटिमीटरने घटतो. सेकंदाला १५० मीटरने निघालेला रेणू थांबवायला असे सुमारे १३,५०० फोटॉन लागतात.

अणूंवर हे तंत्र लवकर बसले. त्यासाठी स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानूजी आणि विल्यम फिलिप्स यांना १९९७चे नोबेल मिळाले. पुण्याच्या आयसरमध्ये उमाकांत रापोल यांचा गट लेसरने थंड केलेल्या रुबिडियमच्या अणूंवर प्रयोग करतो. रेणूचे गणित मात्र अवघड. तो फिरतो आणि त्याचा बंध कंपही पावतो. प्रकाश टाकताना तो कंपनाच्या दुसऱ्या पातळीवर गेला, की आधीच्या लेसरचा रंग त्याला लागू पडत नाही आणि वेग घटणे थांबते.

म्हणून रेणू पारखून घ्यावा लागतो. कॅल्शियम मोनोफ्लोराइडमध्ये प्रकाश शोषणारा इलेक्ट्रॉन कॅल्शियमजवळच असतो, बंधात त्याचा वाटा नगण्य. त्यामुळे शंभरातले ९७-९८ वेळा रेणू कंपनाच्या मूळ पातळीवरच परततो. उरलेल्यांना ६२८ नॅनोमीटरचा दुसरा लेसर आणि गरजेप्रमाणे आणखी काही लेसर परत आणतात. परिवलनाच्या पातळ्याही अशा निवडतात, की निवड-नियमांमुळे रेणूला दुसरीकडे जाता येऊ नये.

प्रयोगाची सुरुवातही थंडच असते. सुमारे ४ केल्विनच्या हेलियममध्ये रेणू तयार करून त्यांचा झोत बाहेर सोडतात. समोरून येणाऱ्या रेणूला डॉप्लर परिणामामुळे लेसरची वारंवारिता जास्त भासते. सेकंदाला १५० मीटर वेगाला हा फरक सुमारे २५० मेगाहर्ट्झ असतो. त्यामुळे लेसर आधी तेवढा खाली लावतात आणि रेणू मंदावेल तशी वारंवारिता चढवत नेतात.

२०१०मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात डेव्हिड डेमिल यांच्या गटाने स्ट्रॉन्शियम मोनोफ्लोराइड लेसरने थंड केला आणि २०१४मध्ये तो चुंबकीय-प्रकाशीय सापळ्यात धरला. २०१७मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने कॅल्शियम मोनोफ्लोराइड निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे ५० मायक्रोकेल्विनपर्यंत आणला.

असे रेणू विद्युत-ध्रुवीय असल्याने दुरूनही एकमेकांवर परिणाम करतात. २०२३मध्ये प्रिन्स्टन आणि हार्वर्डमध्ये लेसरच्या चिमट्यात धरलेल्या रेणूंच्या जोड्या क्वांटम पद्धतीने गुंफल्या गेल्या. क्वांटम संगणन आणि इलेक्ट्रॉनच्या गुणधर्मांचे अतिसूक्ष्म मापन, ही या तंत्राची मुख्य उद्दिष्टे आहेत.