निसर्गवाचक नावे (मराठी व्यक्तिनामे)

नदी, वृक्ष, वेल, फूल, पक्षी, ऋतू, तारका, वारा, पाऊस इत्यादी नैसर्गिक घटकांवरून ठेवलेल्या व्यक्तिनामांना निसर्गवाचक नावे म्हणतात. देवतानामांच्या खालोखाल मराठी भाषकांत ही नावे मोठ्या प्रमाणात आढळतात. काही नावे दोन्ही प्रकारांत मोडतात. उदाहरणार्थ, 'कृष्णा' हे नदीचे नाव आहे आणि कृष्ण या देवाच्या नावाचे बोलीतील रूपही आहे.

धर्मशास्त्रीय निषेध

निसर्गवाचक नावांना परंपरेचा सरसकट पाठिंबा होता, हा समज बरोबर नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीचे नाव उच्चारास सोपे, मनोहर, मंगल व दीर्घस्वरान्त असावे असे सांगितले आहे. मात्र तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी किंवा सर्प यांचे नाव असलेल्या कन्येशी विवाह करू नये, असा निषेध येतो. तो काटेकोरपणे पाळला असता तर रोहिणी, रेवती, गंगा, यमुना, गोदावरी आणि मैना या नावांच्या मुलींचे विवाहच झाले नसते. प्रत्यक्षात लोकव्यवहाराने हा निषेध मानला नाही. महाभारतातील शकुंतलेचे नावही तिचे रक्षण करणाऱ्या शकुंत पक्ष्यांवरून पडलेले आहे.

विवाहोत्तर नामांतर

महाराष्ट्रात मुलीचे जन्मनाव बहुधा विवाहापर्यंतच टिकत असे. विवाहविधीत वराने वधूला नवे नाव देण्याची प्रथा अनेक समाजांत होती. एकोणिसाव्या शतकातील काही ठळक उदाहरणांत नदीचीच नावे गळून पडलेली दिसतात. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे नाव यमुना होते. रमाबाई रानडे यांचेही जन्मनाव यमुनाच. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ साली पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई, म्हणजे गोदावरी, पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. नदीवाचक नाव बदलण्यामागे वरील निषेध होता असे म्हणता येत नाही, कारण प्रथेनुसार कोणतेही नाव बदलले जाई. जन्मनाव विवाहानंतरही कायम ठेवण्याचा प्रघात अलीकडच्या पिढ्यांत वाढल्यामुळे बारशाच्या वेळी केलेली निवड आता आयुष्यभराची ठरते.

दगड, धोंडा आणि नकोशी नावे

निसर्गातून घेतलेले प्रत्येक नाव सौंदर्यासाठी घेतलेले नसते. आधीची मुले दगावलेल्या घरात जन्मलेल्या मुलाला दगडू, धोंडू किंवा केरू असे नाव देत. तुच्छ वस्तूचे नाव दिले की मृत्यूची वा दृष्ट लावणाऱ्याची नजर त्याच्याकडे वळत नाही, अशी त्यामागील समजूत. म्हणजे वरवर ओबडधोबड वाटणारे 'धोंडू' हे अतिशय जपलेल्या मुलाचे नाव असू शकते. 'नकुसा' या नावाची प्रेरणा नेमकी उलट आहे. मुलाची वाट पाहणाऱ्या कुटुंबात पुन्हा मुलगी झाली म्हणून ते ठेवले जाई. २०११ साली सातारा जिल्ह्यात जाहीर कार्यक्रमात अशा दोनशेहून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली.

अर्थ आणि लिंग

निसर्गवाचक नावांपैकी बरीच संस्कृतातून थेट आलेली आहेत, परंतु मराठीत येताना काहींचे लिंग वा अर्थ बदलला. 'सविता' म्हणजे सूर्य. संस्कृतात हा शब्द पुल्लिंगी असूनही आकारान्त रूपामुळे मराठीत ते मुलीचे नाव झाले. याउलट 'शरद्' हा ऋतुवाचक शब्द संस्कृतात स्त्रीलिंगी आहे, पण मराठीत शरद हा मुलगाच असतो. 'तुषार' म्हणजे संस्कृतात दव किंवा हिम, तर मराठीत पाण्याचे उडणारे थेंब. 'समीर' हा संस्कृतात वारा आहे. अरबीत याच उच्चाराच्या जवळचे नाव रात्री गप्पांत सोबत करणाऱ्याला लावले जाते, म्हणून ते हिंदू व मुस्लिम दोन्ही समाजांत आढळते. 'अनिल' (वारा) आणि 'अनल' (अग्नी) यांत तर एका स्वराचेच अंतर आहे.

पंकज, नीरज, सरोज, अंबुज आणि जलज या सर्वांचा अर्थ कमळ हाच होतो. शशांक आणि मृगांक दोन्ही चंद्रच आहेत, फक्त त्याच्यावरील डाग एकात सशाचा तर दुसऱ्यात हरणाचा मानलेला आहे. फुले आणि वेलींची नावे (जाई, जुई, सायली, अबोली, मालती, केतकी) मुलींकडे, तर वृक्ष, वारा आणि समुद्र यांची नावे (अशोक, शिरीष, पवन, सागर) मुलांकडे जातात. 'किरण' मात्र दोघांचेही असते. केतकीच्या फुलाने खोटी साक्ष दिल्यामुळे ते शंकराला वर्ज्य झाले अशी पुराणकथा आहे, तरी त्या नावाच्या लोकप्रियतेत काही उणे आलेले नाही.

निवडीची पद्धत

बारसे सामान्यतः बाराव्या दिवशी होते आणि बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो. पंचांगातील अवकहडा चक्रानुसार सत्तावीस नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांना एकेक अक्षर, अशी १०८ अक्षरे येतात. रोहिणी नक्षत्राला ओ, वा, वी, वू ही अक्षरे असल्याने 'वासंती' त्यात बसते, 'पल्लवी' बसत नाही. चक्रातील ङ, ञ, ण या अक्षरांनी तर मराठीत नावच सुरू होत नाही. त्यामुळे अनेक कुटुंबे नावरस नाव पत्रिकेपुरते ठेवतात आणि व्यवहारातील नाव स्वतंत्रपणे निवडतात.

ऋतुजा, मृण्मयी, वृंदा यांसारख्या नावांत 'ऋ' स्वराचा प्रश्न येतो. मराठीत त्याचा उच्चार 'रु' असा, तर हिंदीत 'रि' असा होत असल्याने रोमन लिपीत एकाच नावाची दोन रूपे तयार होतात. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि पारपत्र यांवर ती वेगवेगळी पडल्यास दुरुस्तीचे काम वाढते. परराज्यांत किंवा परदेशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत म्हणूनच जोडाक्षरे टाळून लहान नावे निवडण्याकडे कल दिसतो.

नोंदणी

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार बाळाचे नाव ठरलेले नसतानाही जन्माची नोंद करता येते. त्यानंतर बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क नोंदवता येते, तर त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. बारशाच्या आधी दवाखान्यातून घाईने नाव कळवण्याची कायद्याने गरज नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत महाराष्ट्र शासनाने शासकीय दस्तऐवजांवर बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम अनिवार्य केला आहे.