तिसऱ्या रांगेत बसून पाहा

गाडी बघायला गेलो तेव्हा शोरूममधल्या मुलाने आधी छत उघडून दाखवलं, मग भलामोठा स्क्रीन. तोवर आई मागच्या रांगेत शिरायचा प्रयत्न करत होती. मधली सीट दुमडली, एक पाय आत, एक हात छताच्या कडीला, आणि अखेर ती बसली. गुडघे जवळजवळ छातीशी. ‘इथे बसून मी चिपळूणपर्यंत येऊ?’ एवढंच तिने विचारलं. मधलं मॉडेल आणि टॉप मॉडेल यांत साडेतीन लाखांचा फरक होता. त्यातला एकही रुपया ती बसली होती तिथपर्यंत पोचत नव्हता.

सात सीटर आपण घेतो ती आई-वडील, मुलं, एखादी आत्या अशा सगळ्यांना एकत्र नेता यावं म्हणून. मग किमतीचा हिशोब तिसऱ्या रांगेपासूनच सुरू व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

गुडघे वर का येतात? मागचा ॲक्सल आणि पेट्रोलची टाकी यांच्यामुळे तिथला तळ उंच होतो. छत मात्र वाऱ्याचा विरोध वाढू नये म्हणून मागे उतरतं आणलेलं असतं. या दोन्हींमध्ये डोकं बसवायचं तर सीट तळाला चिकटवावी लागते. मांडीला आधार राहत नाही आणि सगळा भार माकडहाडावर येतो. त्यात ही सीट मागच्या चाकांच्या वर किंवा मागे असते, त्यामुळे खड्ड्याची उसळी तिथे सर्वांत जास्त. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

गाडीची लांबी कमी ठेवण्यामागे करही आहे. 4 मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाडीवर सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर 40 टक्के. रेनॉची ट्रायबर 3.99 मीटरमध्ये सात जण बसवते, पण तिन्ही रांगा उभ्या असताना डिकी उरते 84 लिटरची. टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस 4.75 मीटरची, तिची डिकी 300 लिटर. जास्तीच्या पैशातला काही भाग त्या पाऊण मीटरचा आहे, आणि तो मला रास्त वाटतो. मागून ट्रक आदळला तर शेवटच्या सीटच्या पाठीमागे जेवढा पत्रा चुरगळायला शिल्लक असेल तेवढाच आधार.

आता सुरक्षेचे स्टार. भारत एनकॅपच्या अपघात-चाचण्या ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाल्या, आणि ग्राहक शोरूममध्ये ‘किती स्टार?’ असं विचारू लागला ही फार मोलाची गोष्ट झाली. पण त्या चाचणीत काय होतं ते माहीत हवं. गाडी ताशी 64 किलोमीटरने समोरच्या अडथळ्यावर आपटतात, बाजूने 50 च्या वेगाने ढकलगाडा धडकवतात. पुढे दोन मोठ्या माणसांचे पुतळे असतात, मधल्या रांगेत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांचे. तिसरी रांग रिकामी असते. म्हणजे तिथल्या माणसाबद्दल स्टार काहीच सांगत नाहीत, ते आपणच वाकून तपासायचं. प्रत्येकाला तीन बिंदूंचा पट्टा आहे का, डोक्यामागचा टेकू पुरेसा वर येतो का, आणि पडदा एअरबॅग शेवटच्या खिडकीपर्यंत पोचते का. सहा एअरबॅग आहेत म्हणजे ती पोचतेच असं नाही, हे लेखी विचारून घ्यावं.

मागच्या एसीचंही तसंच. काही गाड्यांत मागे स्वतंत्र कूलिंग कॉइल असते. काहींत नुसता ब्लोअर असतो, तो आतलीच हवा पुढून मागे ढकलतो. जाहिरातीत दोन्हींना ‘रिअर एसी’च म्हणतात. शांत बसलेला माणूस साधारण 100 वॉट उष्णता देतो, सात जण म्हणजे गाडीत एक चालू इस्त्री. वर काचेचं छत असेल, तर एप्रिलच्या दुपारी एका चौरस मीटरवर 1000 वॉटच्या आसपास ऊन पडतं. काच काळी असली, पडदा ओढला, तरी त्यातलं काही आत येतंच. त्या छतासाठी आपण पैसे मोजतो आणि मग त्याच्याशी झगडायला एसी चालवतो.

हायब्रिडचा हिशोब मात्र कागद घेऊन करावा. हायक्रॉसचं अधिकृत ॲव्हरेज साध्या पेट्रोलला 16.13 आणि हायब्रिडला 23.24. वर्षाला 15,000 किलोमीटर धरले तर 930 लिटर विरुद्ध 645, म्हणजे 285 लिटरची बचत. लिटरला 105 रुपये धरले तर वर्षाला तीस हजार. दोन मॉडेलांत समजा पाच लाखांचा फरक असेल, तर तो फिटायला सोळा-सतरा वर्षं. पुण्या-मुंबईच्या गर्दीत रोज अडकणाऱ्याला हे लवकर फिटतं, कारण ब्रेक दाबताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते. घाटात तिलाही मर्यादा आहे. लोणावळ्याहून खोपोलीला आपण साडेपाचशे मीटर उतरतो. माणसांसकट 2,200 किलोची गाडी त्यात विजेच्या बिलातल्या तीन युनिटांहून थोडी जास्त ऊर्जा सोडते, वारा आणि टायरचं घर्षण वजा जाता दोनेक युनिटं उरतात. अशा हायब्रिडची बॅटरी एखाद-दोन युनिटांचीच. ती निम्म्या वाटेत भरली की पुढचा उतार इंजिनाच्या ब्रेकिंगवरच.

दुसऱ्या शोरूममध्ये आम्ही सातही जण गेलो, टेप घेऊन. ट्रायलला सगळ्यांना बसवलं. आईने मागे पट्टा लावला, वरच्या झरोक्यापाशी हात धरून हवा गार येते का पाहिलं. मी वसाहतीतल्या गतिरोधकावरून गाडी हळू नेली. मागून आवाज आला, ‘परत एकदा ने. या वेळी जरा जोरात.’